निळी मेंढरं

पडद्यावर करड्या रंगाचा रिकामा चौकोन आला, की आमच्या संगणकाच्या मॅडम त्यावर तळहात ठेवायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. मग म्हणायच्या, "इथं काहीतरी हाये. आपल्याला दिसून न्हाई राह्यलं, एवढंच."

दोन हजार सात-आठचा तो सुमार. अंकुशनगरजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शाळेला कुणीतरी सहा जुने संगणक दिले होते आणि मॅडमनी त्यांवर लिनक्स घातलं होतं. फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी प्रणाली. सगळं चालायचं तिच्यावर. इंटरनेटवरचा व्हिडिओ तेवढा दिसायचा नाही. त्याला एका कंपनीचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागायचं. तेही फुकटच, पण आतून कुलूपबंद.

"एक बटण दाबायचं काम आहे, मॅडम," मी म्हणायचो.

"आत काय हाये ते बघू देत न्हाईत, सर. मंग लेकरांच्या मशीनवर कसं टाकू?"

मला मुलींना इंटरनेटवर हृदयाची धडधड दाखवायची होती. मॅडमनी त्यांना त्या चौकोनासमोर बसवलं आणि आत काय असेल ते लिहायला सांगितलं. खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता, पोरी डोळे मिटून बसल्या होत्या. एकीनं लिहिलं, 'हृदय म्हणजे दाव्याला बांधलेलं वासरू. त्याला कुठंतरी जायचंय.' तो कागद मी अजून जपून ठेवलाय. पण तेव्हा मला रागच आला होता. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, ज्यांच्यावर रागावून आपण घरी जातो आणि वाटेत राग कुठं पडला ते कळत नाही.

मॅडमचे वडील, त्यांचे दादा, मेंढपाळ. गोदाकाठानं मेंढरं घेऊन आयुष्यभर फिरले. ते वारले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले.

मग एक दिवस मॅडमना ईमेल आली. कधीकाळी एक अभ्यासक मुलगी मेंढपाळांच्या ओव्या टिपायला आली होती. तिनं वडिलांची अडीच मिनिटांची फिल्म इंटरनेटवर लावली होती. मॅडमनी माझ्यासमोरच ते पान उघडलं. वडिलांचं नाव आलं, गावाचं नाव आलं. खाली करडा चौकोन.

दुसऱ्या दिवशी त्या अंबडच्या एका सायबर कॅफेत जाऊन आल्या.

"बघितलं?"

"अर्धं. दादा कानावर हात ठिवून ओवी म्हणतेत. मागं बसलेला एक मानूस हसला. बंद केलं मी." मग म्हणाल्या, "मी त्यांना घरीच आणीन."

"मग घरच्या संगणकावर तरी प्लगिन टाका. कोण बघतंय?"

 रात्रभर त्यांच्याही मनात तेच आलं असणार. मग म्हणाल्या, "तुमच्या बापासाठी चालतंय, मंग आमच्या हृदयासाठी का चाललं न्हाई, असं पोरींनी इचारलं तर?"



त्या पानाच्या पोटात फिल्मचा खरा पत्ता कुठं लपलाय, हे त्यांनी शोधून काढलं. मग टेलिफोनच्या तारेतून ती थेंबथेंब घरी येऊ लागली. लाइन तुटायची, वीज जायची, त्या पुन्हा लावायच्या. आठवड्यानं फिल्म सगळी उतरली. पण त्यांच्याकडच्या खुल्या प्लेअरला तिच्यातला आवाज तेवढा समजत होता, चित्र समजत नव्हतं.

मला त्यांनी घरी बोलावलं. त्यांची आई सुपात ज्वारी पाखडत होती. मॅडमनी बटण दाबलं. आधी वारा, मग घुंगरं, मग एक जाड, लांबवर जाणारा आवाज. सूप हवेत थांबलं.

"कुठून बोलून राह्यलेत हे?" आईनं विचारलं.

"लांबून, माय."

नंतर कितीतरी दिवस आई ज्वारी निवडताना तो आवाज लावायला सांगायची.

तो प्लेअर दूरदेशीचा कुणी माणूस फावल्या वेळात बनवत होता. मॅडमनी मोडक्या इंग्रजीत त्याला फिल्मचा पत्ता आणि दादांची, मेंढरांची हकिगत लिहिली. त्यानं विचारलं, मेंढरं कोणत्या जातीची? मॅडमनी कळवलं. महिन्याभरानं त्यानं दुरुस्ती पाठवली, आणि चित्र आलं.

आलं ते निळं. लाल आणि निळा रंग एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. निळसर माळ, निळ्या मेंढरांचा कळप आणि मध्ये कानावर हात ठेवलेला निळ्या चेहऱ्याचा माणूस. डोळे उघडे. मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"रंग चुकलाय, माय. दादा असे नव्हते."

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. "तू झोपलेली ऱ्हायचीस, बाई. तांबडं फुटायच्या आधी उठून कळपात गेले, की असेच दिसायचे. मी बघितलंय."

पुढे नीट दुरुस्तीही आली. तांबडं पागोटं, पिवळं गवत. आईनं तेही शांतपणे पाहिलं. म्हणाली, "हे दुपारचे."

मॅडमची नेमणूक तीन वर्षांचीच होती. मुदत संपली, दुसरीकडे काम मिळालं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. मी संगणक उचलून मागं ठेवायला गेलो, तर आईनं हात आडवा केला.

"मास्तर, ते मागं नगा ठिवू. लई हिसके बसतेत."

मॅडम पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. आई मागं सामानात बसली. मशीन तिनं घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. टेम्पो अंबडच्या रस्त्याला लागला, तेव्हा ती घोंगडीचं टोक सारखं करत होती, ऊन आत जाऊ नये म्हणून.