भोरड्यांचा वाटा

मुलांनो, पुढच्या हिवाळ्यात आलात की भोरड्या दाखवीन, असं मी फोनवर कबूल केलं होतं. ते जमेल असं आता वाटत नाही. म्हणून पिंपळी गावच्या आपल्या शेतात गेल्या आठवड्यात जे पाहिलं, ते लगेच लिहून ठेवते.

भोरडी साळुंकीएवढी असते. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. हिवाळ्यात त्यांचे थवे आपल्याकडे ज्वारीवर उतरतात. कणसं भरली की सगळे पाखरं हाकायला गोफण घेऊन शेतातल्या माळ्यावर चढत. माझ्या सासूबाई मात्र बांधावरच्या बाभळीलगतच्या चार ओळींवर दगड जाऊ देत नसत. "त्यो भोरड्यांचा वाटा," म्हणायच्या. त्यांच्यामागे तुमच्या आजोबांनी तो पाळला. आता आजोबाही नाहीत, आणि यंदा त्यांच्या धाकट्या भावाने, तुमच्या तात्याआजोबांनी, पार बांधापर्यंत ऊस लावला.

थंडीची लाट आली त्या सकाळी मी शाल गुंडाळून बांधावर उभी राहिले. बोटं वळत नव्हती. थवा आला, बाभळीवर उतरला आणि पिसं फुगवून बसला. एरवी त्यांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी गप्प होत्या.

तात्या घरातून ज्वारीची पाटी घेऊन आले.

"वैनी, आसं तोंड पाडून हुबं राहू नका. मी काय पाखरांचा वैरी हाय व्हय? ह्यो घ्या त्यांचा वाटा!" त्यांनी दाणे बांधावर पसरले.

"तात्या, त्यांना उभ्या ताटावरचं कणीस लागतं. कोवळं, हुरड्यातलं."

"मग काय भाजून देऊ? चटणीबी वाढतो!"

आम्ही दोघंही हसलो. दाण्यांवर चिमण्या आल्या, कावळे आले. भोरड्या फांदीवरून हलल्या नाहीत. ऊन चढलं तसा थवा उठला, उसावर एक फेरी मारली आणि इंदापूरच्या अंगाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तात्या आधीच येऊन बसले होते, कानाला मफलर बांधून, पाटी शेजारी ठेवून. आम्ही बराच वेळ आभाळाकडे पाहत बसलो.

"वाट चुकली आसंल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "न्हाय, वाट न्हाय चुकली."

थवा पुन्हा आलेला नाही. चार ओळी उसाखाली गेल्या. बाभूळ तेवढी अजून उभी आहे.