पायाला मुंग्या आल्या त्याची गोष्ट

ब्रिस्टलला आमच्या शेजारी राहणाऱ्या ऐंशीच्या आजी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आहेत. एका रविवारी त्या मला आपल्या प्रार्थनेला घेऊन गेल्या. तिथे ना पाद्री, ना भजन. सगळे तासभर गप्प बसतात आणि आतून काही सुचलंच, तर उठून बोलतात. माझ्यासारख्या बोलघेवडीला ही शिक्षाच!

अर्ध्या तासात पायाला अशा मुंग्या आल्या, की पाय झटकायला मी उभी राहिले. झालं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता बोलणं भागच होतं. घाबरून मी मराठीचंच इंग्रजी केलं, "अँट्स हॅव कम टु माय फीट," आणि मटकन बसले. कोणी हसलंसुद्धा नाही.

नंतर चहा घेताना आजींनी आपली वही दाखवली. प्रार्थनेत मनाला भिडलेलं वाक्य त्या तिच्यात उतरवून ठेवतात. त्या पानावर माझ्या मुंग्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'इवल्याशा जिवांचीही केवढी ही दखल!'

घरी सांगितलं, तर नवरा पोट धरधरून हसला. म्हटलं, हस! तीस वर्षं या घरात घसा कोरडा करतेय, माझं एक तरी वाक्य कोणी लिहून ठेवलंय?