मामांनी खोडायला लावलेला शेरा

नवा कायदा आला आणि कत्तलखान्यातल्या मामांची चाळीस वर्षांची विद्या माझ्या एका सहीवर येऊन ठेपली. कायदा म्हणत होता, जनावर आधी बेशुद्ध करा. ज्यांच्या धर्मात ते चालत नाही त्यांना सवलत होती, पण कापणारा परीक्षेत पास झाला तरच. वीस जनावरं, आणि प्रत्येकाला सुरीचा एकच हात. परीक्षक मी, जनावरांची सरकारी डॉक्टर.

खरं सांगते, मी नाक मुरडतच गेले होते. मामा मात्र आपल्याच तालात. सुरीला धार लावायची ती भिंतीआड, जनावराला दिसता कामा नये. मग पातं अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढून बघायचं. जराशी जरी खोच लागली तरी सुरी बाजूला. मी घड्याळ पाहून चुळबुळ करू लागले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमची फार तर गाडी चुकेल. हिचा जीव जाणार आहे." मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

अठरा जनावरं सुरळीत पार पडली. एकोणिसाव्या मेंढीच्या वेळी मी कागद भरत होते. मान वर केली तोवर ती निपचित पडलेली. मी 'ठीक' असा शेरा मारून मोकळी झाले.

मामा हात धुऊन माझ्यापाशी आले. "ते खोडा. मला दुसऱ्यांदा सुरी फिरवावी लागली."

"अहो मामा, विसात एक! कुणी पाहिलंसुद्धा नाही."

"तिने पाहिलं ना," ते म्हणाले.

मी खोडलं. मामा नापास, तीन महिने सुरीला हात लावायचा नाही. वस्तीतल्या लोकांनी त्यांना फैलावर घेतलं. हाताशी आलेला परवाना घालवलास, आता आम्ही खायचं काय? बायकोने अबोला धरला तो वेगळाच. मामांनी डोळे तपासून घेतले, मोतीबिंदू काढला, आणि तीन महिन्यांनी येऊन वीसच्या वीस पार पाडली.

परवाना घेताना म्हणाले, "उपकार झाले, बाई."

मी कसनुशी हसले. उपकार कुणाचे कुणावर, ते मला पक्कं ठाऊक होतं. आता मी आधी जनावराकडे बघते, मग कागदाकडे. हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी नापास केलं होतं, आणि त्या दिवशी नापास खरं तर मी झाले होते.