अध्यक्षांचा वाटा

शेवंतीकाकीच्या अर्जात एक लाल तारा आहे आणि त्या ताऱ्यानं गेली सहा वर्षं माझं डोकं खाल्लंय.

तारकर्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, रेशनकार्ड, आधारची दुरुस्ती, म्हणाल ते. मच्छीमार कार्डाच्या अर्जात ‘नौका नोंदणी क्रमांक’ असा एक रकाना आहे आणि त्याच्यापुढे लाल तारा. म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. मी तिथे शून्य टाकून बघितलं, आडवी रेघ मारून बघितली, ‘लागू नाही’ लिहून बघितलं. एकदा रागाच्या भरात माझ्या स्कूटरचा नंबर टाकला. तोसुद्धा घेतला नाही मेल्यानं.

कारण काय, तर काकीकडे होडी नाही. ती रापण ओढते. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर ठेवून आत जाते, जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसऱ्या टोकाची दोरी परत किनाऱ्याला आणते. मग दोन्ही दोऱ्या तीस-चाळीस माणसं वाळूत पाय रोवून दोन-दोन तास ओढतात. होडीवर असतात फक्त चार-पाच जण. मग मासे धरतो कोण? मला विचाराल तर वाळूतली माणसं. पण वाळूतल्या माणसाला नंबर कोण देणार?

काकीचा नवरा बाबली होडीवर असायचा. तो तापानं गेला, त्याचं बारावं-तेरावं झालं आणि सव्वीस वर्षांची काकी दोरीला लागली. आज ती सहासष्टची आहे. दोरी ओढून झाली की मासळीचे वाटे घालायचं कामही तिचंच, कारण तिच्या वाट्यावर अजून कोणी बोट ठेवलेलं नाही. नियम एकच. ज्याचा हात दोरीला लागला त्याचा वाटा. मग तो गावचा असो की हॉटेलात उतरलेला पाहुणा, पाच मिनिटं ओढो की दोन तास. वाटा लहानमोठा होईल, पण चुकणार नाही. आणि कोणी आपला वाटा टाकून गेला, तर तो दुसऱ्यानं खायचा नाही. काकी तो ठेवून देते. मागच्या वर्षी एका पुण्याच्या बाईंचे सात बांगडे तिनं माझ्या फ्रिजमध्ये चार दिवस ठेवले होते. माझ्या आइस्क्रीमला अजून वास येतो.

सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या लाटेनं जाळं मागे खेचलं, दोरीचा पीळ काकीच्या उजव्या हातावर बसला आणि दोन बोटं कायमची ताठ झाली. दुखापत झालेल्या मच्छीमारांना मदत मिळते म्हणून तिला मी कचेरीत घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, “तुम्ही मच्छीमार आहात याचा पुरावा काय?” काकीनं हात पुढे केला. त्यांना कार्ड हवं होतं. तेव्हापासून हा तारा आमच्या राशीला बसलाय.

गेल्या दिवाळीनंतर पेपरात आलं की किनाऱ्यासंबंधीची चार विधेयकं विधिमंडळाच्या समितीकडे गेली आहेत आणि ती समिती मालवणात येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. पहिलं पर्यटनाचं, दुसरं बंदरांचं, तिसरं किनाऱ्यावरच्या बांधकामांचं आणि चौथं मच्छीमार कल्याणाचं. चौथं मी छापून काढलं आणि काकीला वाचून दाखवलं. मच्छीमार म्हणजे कोण, तर ‘नोंदणीकृत नौकेवर मासेमारी करणारी व्यक्ती’.

“परत वाच,” काकी म्हणाली.

मी परत वाचलं.

“ह्येच्यात मी खंय आसंय?”

“नाहीस, काकी.”

“इतके दिस माका वाटलेला कचेरीतलो तो मनिस खुळो आसा,” ती म्हणाली. “आता तर कायद्यातच लिवतत.”

तिचं खरंच होतं. आत्तापर्यंत निदान भांडायला जागा होती. उद्या हे असंच मंजूर झालं की काकी मच्छीमार नाही, हे सरकारी दगडावर कोरलं जाणार. आम्ही निवेदन केलं. मागणी एका ओळीची: व्याख्येत ‘आणि रापणीची दोरी ओढणारी व्यक्ती’ एवढे शब्द घाला. एका ओळीसाठी निवेदनाच्या सात प्रती मागितल्या होत्या. काकीनं सातही प्रतींवर ताठ बोटांनी पेन धरून सही केली, आणि त्यात तासभर गेला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही दहाला हॉलमध्ये हजर. समिती साडेबाराला आली. का उशीर झाला कोणी विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही. व्यासपीठावर नऊ जण, मध्ये अध्यक्ष, बाजूला फायलींचा ढीग घेऊन सचिव. पहिल्या विधेयकावर हॉटेलवाले बोलले, ते दोन वाजेपर्यंत. मग जेवण. साडेतीनला दुसरं सुरू झालं आणि एका सदस्यानं नुसतं “जाळी” असा शब्द काढल्याबरोबर काकी उठून उभी राहिली. मी पदर ओढला, पण ऐकेल तर ती काकी कसली!

“साहेब, मी शेवंती बाबली. मी रापण ओढते,” काकी म्हणाली. कचेरीत ती अशी पुस्तकातली मराठी बोलते, इस्त्रीच्या लुगड्यासारखी.

सचिवांनी चष्मा वर केला. “बाई, हे दुसरं विधेयक आहे. तुमचा विषय चौथ्यात.”

ती बसली. तिसऱ्यात किनाऱ्यावर काय बांधायचं यावर दीड तास वाद. रापण ओढायला मोकळी वाळूच राहणार नाही असं काहीतरी चाललं होतं, म्हणून मी स्वतः उठले. “रापणीचं चौथ्यात,” सचिव म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस एक, वाळू एक, दोरी एक, आणि यांची चार खाती! आम्ही काय स्वतःला चार तुकड्यांत कापून आणायचं होतं?

चौथं विधेयक आलं तेव्हा पावणेसहा वाजले होते. “प्रत्येकानं दोन मिनिटं,” सचिव म्हणाले. काकीचा नंबर लागला. तिनं निवेदन हातात धरलं होतं, पण वाचलं नाही. “चाळीस वर्षं दोरी ओढते. हे बघा,” एवढं म्हणून तिनं ती दोन बोटं वर केली.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. तेच तर दुःख आहे, वाईट असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी मायेनं विचारलं, “आजी, होडी कोणाची?”

“सुदेशची. आमच्या रापणीचा म्होरक्या तो.”

“मग त्या सुदेशनाच यायला सांगायचं ना. त्यांना नियमानं लाभ मिळेलच.”

“सुदेशची बोटां बरी आसत!” काकी ओरडली. पुस्तकातली मराठी गळून पडली. हॉलमध्ये हशा पिकला. मला त्या हसणाऱ्यांच्या डोक्यात ती सातवी प्रत घालावीशी वाटली.

तेवढ्यात एका सदस्य बाईंनी विचारलं, “पण हे रापण म्हणजे नेमकं काय?” चौथ्या विधेयकाच्या दुसऱ्या मिनिटाला! समितीचा मुक्काम तारकर्लीलाच होता. ठरलं असं, की सकाळी नाश्त्याआधी प्रत्यक्ष पाहणी करायची.

सकाळी सातला समिती वाळूत आली. दोरी चालू होती, काकी नेहमीप्रमाणे डाव्या दोरीला तिसरी. पाच मिनिटं सगळ्यांनी बघितलं. मग अध्यक्षांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काकीच्या पुढे दोरीला हात लावला. त्यांच्यामागोमाग सगळे. फोटोवाल्यांची झुंबड उडाली. काकी त्यांना शिकवत होती, “हातान नको, साहेबांनु, पाठीन वडा. पाय रवून घेवा.” ते खरोखर ओढत होते. घामाघूम झाले. “काय ताकद लागते हो!” असं म्हणाले, आणि मला वाटलं, झालं काम. आता यांना कळलं.

जाळं वर आलं. बांगडा बरा होता. काकीनं वाटे घातले आणि ओळीत शेवटी नऊ छोटे वाटे समितीचे. प्रत्येकी चार बांगडे. अध्यक्षांचा वाटा तिनं स्वतः ओंजळीत उचलून त्यांच्यापुढे धरला.

“अरे, नको नको,” ते हसत मागे सरले. “आम्ही काय गंमत म्हणून ओढली.”

“गंमत म्हणान वडली तरी हात दोरयेक लागलो. तुमी रापणकार झालास. आमचो नियम आसा.”

“तुमचा नियम फार छान आहे,” अध्यक्ष म्हणाले. “सचिव, याची नोंद घ्या.”

“साहेबांनु, पाच मिनटां धरलास तर तुमी रापणकार,” काकी ओंजळ तशीच धरून म्हणाली. “मी चाळीस वर्सां धरतंय. तुमच्या कागदार मी कोण?”

या वेळी कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी मान खाली घातली, तिच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, “आजी, मी लक्ष घालतो.” मग सचिवांनी घड्याळ दाखवलं. देवगडला दुसरी बैठक होती. मासळीच्या वासानं गाड्या खराब होतील म्हणून वाटे तिथेच राहिले, छत्तीस बांगडे. गाड्या गेल्या तरी काकीची ओंजळ भरलेलीच होती.

“आता मेल्यांचे बांगडे माझ्या फ्रिजात नाय,” मी आधीच सांगून टाकलं.

तिनं ते चिरून, मीठ लावून, उन्हात घालून खारे केले. “लोकांचो वाटो आसा, कुसूक देवचो नाय,” म्हणाली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. पण इथे चारच महिन्यांत अहवाल आला. मी दुकानात बसून तो चाळला, एकशेबारा पानं. पान नव्वदवर अध्यक्षांचा फोटो, दोरी ओढताना. त्यांच्या मागे काकीचे दोन हात. चेहरा कापलेला. खाली लिहिलं होतं: ‘समितीने पारंपरिक मासेमारीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला’. आणि व्याख्या? नोंदणीकृत नौकेवर मासेमारी करणारी व्यक्ती. एक अक्षर हललं नव्हतं. मी बसल्या जागी रडले, रागानं. मग तोंड धुऊन काकीकडे गेले, कारण हे दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तिनं फोटो बराच वेळ बघितला. “हात माजेच,” म्हणाली. मग विचारलं, “आता संपला?”

“सभागृहात मंजूर व्हायचं बाकी आहे. या अधिवेशनात येईल.”

ती उठली, माळ्यावरून डबा काढला. खाऱ्या बांगड्यांचा. वर केळीच्या सुक्या पानाचं झाकण. “ह्यां बांध. टपालान धाड.”

“कुठे?”

“थयच, मुंबयक. वाटो तेंचो, तेंका जावक व्हयो.”

“काकी, विधानभवनात खारे बांगडे! वेड लागलंय का तुला? पोस्टात घेणार नाहीत, वास येतो.”

“तुका बांधूक येणा नाय काय?”

बांधायला मला येतं. मी प्लास्टिकच्या तीन पिशव्या, वर खोका, वर चिकटपट्टी अशी बांधाबांध केली. सोबत पत्र हवं म्हणून कागद पुढे ओढला आणि सुरुवात केली: ‘चौथ्या विधेयकाच्या व्याख्येसंदर्भात सविनय निवेदन...’

“फाड ता,” काकी म्हणाली. “मी सांगतंय तेवढाच लिव.”

तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. ‘साहेबांनु, तुमचो सगळ्यांचो वाटो हय ऱ्हवलो होतो. आमी खावक नाय. तो धाडलंय. आता माजो धाडा.’

“बस?” मी विचारलं.

“बस. खाली नाव घाल.”

मी ‘शेवंती बाबली, तारकर्ली’ लिहिलं आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे केला. तिनं पेन घेतलं नाही. नावाच्या खालची मोकळी जागा ताठ बोटानं दाखवली.

“हय लिव, मच्छीमार.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “हय तुजो तो लाल तारो नाय मां?”

“नाही, काकी,” मी म्हटलं, आणि लिहिलं.