अधिक-उण्याची रिकामी जागा

चाकणच्या एका कारखान्यात मी मोजमापाची लॅब सांभाळतो. पुढचं मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

आमचं मशीन मिलिमीटरचे चार दशांश, म्हणजे बिंदूपुढे चार आकडे, दाखवतं. त्यातला चौथा निव्वळ शोभेचा, तिसऱ्यातही दोन-तीनचा फरक धरावा लागतो. म्हणून रिपोर्टात आकड्यापुढे अधिक-उणे लिहायचं असतं. म्हणजे खरं माप या हद्दीत कुठेतरी आहे, याहून जास्त आम्हाला ठाऊक नाही. पण माल घेणाऱ्या कंपनीचे लोक ते पाहिलं की प्रश्न विचारत बसायचे. मग आम्ही ती जागा रिकामी सोडायला लागलो आणि मशीनवर दिसतील तेवढे आकडे उतरवायला. रिपोर्ट भारदस्त दिसायचा.

लाइनवर तपासणीला माझा मित्र होता. मी पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसमध्ये बसायचो, दिघीला तो चढेपर्यंत शेजारची जागा धरून ठेवायचो. चढताच ओरडायचा, "काय चार दशांश, झोप झाली का?" सगळी बस हसायची.

एकदा माल परत आला. भागातलं भोक २५.०२० च्या वर जाता कामा नये. त्यानं लाइनवरच्या गेजनं २५.०१९ मोजून पास केलं होतं. साहेब एक भाग घेऊन माझ्याकडे आले. उन्हातल्या टेम्पोतून आलेला, हाताला चांगला कोमट लागत होता. असा भाग लॅबच्या गारव्यात निवू द्यायचा आणि मगच मोजायचा, कारण गरम भोक फुगतं. पण साहेब डोक्यावर उभे. मी लगेच मोजलं. २५.०२१४.

"बघा, पार चौथ्या दशांशापर्यंत फेल! नक्की ना?"

"नक्की, सर."

०.००३ चं अधिक-उणे लिहिलं असतं, तर त्याच्या आणि माझ्या मापात भांडणच उरलं नसतं. मला ते कळत होतं. भीती वाटली म्हणावं, तर तीही नव्हती. तो लांबलचक आकडा माझ्या मशीनचा होता आणि साहेब त्याच्याकडे आदरानं बघत होते. मला बरं वाटलं, एवढंच.

मित्र कॉन्ट्रॅक्टवर होता. काढला. जाताना म्हणाला, "तुझं मशीन कशाला खोटं बोलेल, भावा? माझाच हात चुकला असणार." मी मान डोलावली.

परवा तो आमच्या गेटवर टेम्पो घेऊन आला. माल उतरेपर्यंत टपरीवर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"त्यानंतर गेज हातात धरला नाही, राव. दोन कंपन्यांनी बोलावलं होतं. म्हटलं, परत चुकलो तर?" मग एकदम माझ्याकडे वळला. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तो लॉट केव्हाच भंगारात जाऊन वितळला. आता ते भोक कोणीच मोजू शकत नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"पण असू शकतं?"

"असू शकतं."

"एवढं जरी तेव्हा बोलला असतास, तरी पुरलं असतं रे."

गेटवरून माल उतरल्याची हाक आली, तसा तो उठला.