बालवाडीतला रंगीत घाटा

असोद्याच्या बालवाडीतल्या सुगंधाबाईंची एकच साधी इच्छा होती: पोरांनी हात बरबटून घ्यावेत. आणि नेमकं तेवढंच पोरांना जमत नव्हतं. पुढ्यात काहीही ठेवा, हाताची घडी घालून बसायची. अन्नाला हात लावून खेळलं की पाठीत धपाटा बसतो, हे त्यांना बोलता येण्याआधीच कळलेलं. तपासणीला येणाऱ्या मुख्यसेविकाबाई मागच्या खेपेला बजावून गेल्या होत्या, "पुढच्या वेळी मुलं खेळताना दिसली नाहीत, तर ही बालवाडी दुसऱ्या गावाला देऊ."

सत्त्याऐंशीच्या फाल्गुनात ती वेळ आली. जळगावच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, तेव्हा त्याला खेळायला खाण्याचंच द्या. बाईंनी सकाळीच ज्वारीचा घाटा शिजवला. एका पातेल्यात हळद, दुसऱ्यात पालक, तिसऱ्यात बीट. मऊ, कोमट, गिळला तरी पोट दुखायला नको. स्वतःवर त्या भलत्याच खूश झाल्या.

एवढ्या शिकलेल्या बाईच्या एक गोष्ट ध्यानात राहिली नाही. फाल्गुनात असोद्यात कुणाच्याही दारातून घाट्याची वाफ निघाली, की तिथे बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, घालायचे असतात, आणि बिबड्यांना बोलावणं लागत नाही. न जाणं म्हणजे उलट भांडण. गल्लीतल्या बाया खाटा आणि ओली फडकी घेऊन हजर झाल्या. सगळ्यांच्या पुढे तानुबाई, जिला अख्खी गल्ली वचकून असे.

"अक्का, हा पोरांना खेळायला केलाय!" सुगंधाबाई आडव्या आल्या.

"घाटा काय खेळाचा असतो का व माय? मास्तरीन झाली अन् येडी झाली. सरक तठून."

बायांनी पातेली ताब्यात घेतली. पिवळे, हिरवे, लाल बिबडे फडक्यांवर थापले जाऊ लागले. रंग पाहून बायांना चेव चढला. एकीने बिबड्याला डोळे काढले, दुसरीने शेपूट लावलं, तिसरीने दुसरीच्या गालाला बीट फासलं. सगळ्या कोपरापर्यंत माखल्या. पोरं मात्र भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, आयांचा हा धुडगूस शिस्तीत पाहत होती.

तेवढ्यात मुख्यसेविकाबाई दारात.

"मुलं कधी खेळणार?"

तानुबाईने मान वर केली नाही. "पोरं शहानी हायेत बाई. खेयतो ते आम्ही."

मुख्यसेविकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. ही पोरं गेली तर आपल्याला उरतं काय, एवढंच सुगंधाबाईंना सुचलं, आणि त्यांनी तानुबाईच्या नुकत्याच थापलेल्या लालबुंद बिबड्यात आपला पंजा खचकन रोवला.

दुसरीचा बिबडा नासवायचा, म्हणजे जन्माचं वैर. तानुबाईने हात उगारला. पण त्याआधी तिची तीन वर्षांची नात पमी भिंतीपासून सुटली, धावत आली आणि बाईंच्या पंज्याशेजारी तिने आपला पंजा रोवला. मग बोटं चाटली. मग सगळीच पोरं सुटली.

मुख्यसेविकाबाईंनी पेन पर्समध्ये टाकलं आणि बांगड्या मागे सारल्या.

बालवाडी असोद्यातच राहिली. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पंज्यांचे बिबडे तळले गेले, पाहुणे बिचकत बिचकत खात होते. तानुबाईने तो दोन पंज्यांचा लाल बिबडा मात्र डब्यात तसाच ठेवला. सून तळायला मागायची, तेव्हा ती डबा छातीशी धरून ओरडायची, "हात नको लावू. तो खेळाचा हाये."