हर्ष की आक्रोश?

प्रभूच्या पुन्हा येण्याविषयी आमच्या ख्रिस्ती शास्त्रात दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं लिहिलेलं आहे. लूक सांगतो, तेव्हा माना वर करा, तुमची सुटका जवळ आली. मत्तय सांगतो, त्याला पाहून पृथ्वीवरची सगळी कुळं शोक करतील. येणं एकच, मग हर्ष की आक्रोश? कळमनुरीत आमच्या घरी गुरुवारी चार-पाच कुटुंबं प्रार्थनेला जमतात आणि वचन समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. एका वयस्कर बाईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी झटकन सांगून टाकलं, की माना वर करणारे आपण आणि रडणारे बाकीचे. त्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही. त्या बाकीच्यांत माझा सख्खा भाऊ होता.

दादा सेनगावला शेती करतो. माझं माहेर बौद्ध. लग्नानंतर मी प्रभूकडे वळले, तरी दादा कधी वाकडा शब्द बोलला नाही. आई गेली, तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बोलवायला तो स्वतः आला. मी गेले नाही. वर दारातच त्याला म्हणाले, की प्रभू येईल त्या दिवशी तूही रडणाऱ्यांत असशील. त्याने चपला घातल्या आणि निघून गेला. मग ना त्याचा फोन आला, ना मी केला. यालाच मी विश्वासातला खंबीरपणा समजत होते.

यंदा पावसाळा सरताना मला ताप भरला. यजमान कामासाठी बाहेरगावी होते, म्हणून नांदेडला दाखवायला एकटीच एसटीत बसले. वारंगा फाटा येईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथे उतरले आणि एका चहाच्या हॉटेलासमोर कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा मी आतल्या बाजेवर होते आणि हॉटेलवाली कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. तिनं जवळचा डॉक्टर आणला होता. त्यानं इंजेक्शन दिलं होतं आणि नांदेडला न्या, पण सोबत माणूस हवा, असं सांगितलं होतं.

ती म्हणाली, “मालकाला फोन लावला, लागला न्हाई. खाली ‘दादा’ दिसलं, त्याला लावला. निघालाय तो.”

मी भिंतीकडे तोंड केलं. सेनगाव कुठं, वारंगा कुठं! तो येईपर्यंतचा तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. त्याच्यासमोर कोणतं तोंड दाखवू, या लाजेनं उठून निघून जावंसं वाटत होतं. आणि रस्त्यावर जीप थांबली, की तीच मी मान उचलून बघत होते.

दादा आला तो शेतातल्या कपड्यांवरच, कुणाची तरी जीप मागून. त्याला पाहताच मी हुंदके देऊन रडायला लागले.

“काहून रडून राहिली, माय? आलो न मी,” तो म्हणाला, आणि मला उठवून पाणी पाजलं.

ताप डेंग्यूचा निघाला. नांदेडच्या दवाखान्यात तो माझ्या उशाशी बसून राहिला. मी माफी मागितली, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आईला तू पाहिजे होतीस.” एवढंच. त्यानं मला दोषातून मोकळं केलं नाही आणि एकटीला सोडूनही दिलं नाही.

लूक आणि मत्तय दोघेही खरं सांगतात, हे मला त्या बाजेवर कळलं. मान वर करणारी मी आणि शोक करणारीही मीच. बरी होऊन घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी मी सगळ्यांसमोर आधीचा अर्थ मागे घेतला. बोलताना वर बघवलं नाही.

कोण कोणत्या बाजूला असेल, हा हिशोब आता मी प्रभूवरच सोडला आहे. त्या अनोळखी बाईच्या हातून त्यानं माझं बंद दार उघडलं, याबद्दल त्याचे आभार कसे मानावेत ते मला उमगत नाही. ‘प्रभू, ये’ म्हणताना अजून भीती वाटते. वाटू दे. तरीही मी त्याला बोलावते.